हुलकावणीला लागणारा वेळ

चारुलताने पडद्यावर शाल्मलीचा पतंग सातव्यांदा काटला आणि अशी काही आरोळी ठोकली, की समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी चिमटा तोंडात धरूनच वळून पाहिले.

"काकू, बास! थोडी तरी अब्रू ठेवा माझी," शाल्मली हसत म्हणाली. "हे यंत्र मी बनवलंय. उद्या ऑफिसात तोंड कसं दाखवू?"

"तोंड राहू दे, मनगट दाखव. ताठ धरतेस तू. येवल्यात तुला कुणी आसारी धरायलासुद्धा उभी केली नसती." मांजाच्या रिळाला चारुलता अजूनही माहेरचाच शब्द वापरी.

दिगंबर खैरनार चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. बाहेर त्या दोघींजवळ जावे की न जावे, हे त्याला ठरवता येत नव्हते. आपल्या बायकोला असे हसताना त्याने गेल्या दोन वर्षांत पाहिले नव्हते. खरे तर आनंद व्हायला हवा होता. त्याने तो मनात शोधूनही पाहिला. पण सापडले ते वेगळेच, बरगड्यांच्या खाली कुठेतरी, आंबट.

कारण हाच खेळ चारुलता रोज संध्याकाळी त्याच्याशी खेळत असे. अलीकडे ती जिंकतही असे. पण त्याला हरवून ती एकदाही ओरडली नव्हती.

"सर, या ना," शाल्मलीने त्याला पाहिले. "तुमचीच वाट बघतोय. आता काकूंशी तुम्ही खेळा."

"चहा गार होईल," दिगंबर म्हणाला. ट्रे ठेवून तो पुन्हा आत गेला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवू लागला.

*

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत 'पटांगण' नावाची कंपनी होती. हातात मावणारी खेळयंत्रे ती बनवत असे. तिचे 'गोटी' हे यंत्र बारा वर्षे बाजारात होते आणि त्याचा गाभा दिगंबरने रचला होता. गोटीवरचा सर्वांत लोकप्रिय खेळ म्हणजे 'काटाकाटी': दोघांनी आपापल्या यंत्रावर पतंग उडवायचा आणि दुसऱ्याचा मांजा कापायचा. तो खेळ दिगंबरने लिहिला खरा, पण त्यातली ढील, झटका आणि खेच चारुलताने शिकवलेली होती. तिचे सगळे लहानपण येवल्याच्या गच्चीवर गेले होते.

आता गोटी थांबणार होती आणि तिच्या जागी 'भिंगरी' येणार होती.

हे काम बाहेरून वाटते तितके सोपे नसते. दुकानाच्या फळीवरून एक डबा काढला आणि दुसरा ठेवला, इतक्यात ते होत नाही. लोकांनी बारा वर्षे जुन्या यंत्रात आपले सामान साठवलेले असते: विकत घेतलेले खेळ, अर्धवट सोडलेले डाव, कुणाकुणाशी जुळलेल्या जोड्या. नवे यंत्र कितीही देखणे असले तरी हे सामान बरोबर नेता येत नसेल तर माणूस जागचा हलत नाही. म्हणून कंपन्या दोन्ही यंत्रे काही काळ शेजारी शेजारी चालू ठेवतात. जुन्याची किंमत उतरवतात, त्याच्यासाठी शेवटचा एखादा चांगला खेळ काढतात, आणि दरम्यान नव्याला जुन्याची नक्कल शिकवतात. पटांगणमध्ये या सगळ्या उलाढालीला 'बिऱ्हाड' म्हणत. शाल्मली पगार ही एकतीस वर्षांची इंजिनियर बिऱ्हाडाची प्रमुख होती. आणि गोटीवरचा प्रत्येक खेळ भिंगरीवर 'होता तसाच' चालतो, अशा दाखल्यावर सही करायचे काम साठीला आलेल्या दिगंबरकडे होते. त्याच्या सहीशिवाय एकही बिऱ्हाड हलणार नव्हते.

भिंगरीत नवे होते ते तिच्या पाठीवर. तळहात टेकतो तिथे केसाहून बारीक तारांची जाळी होती. आपण बोट हलवतो, त्याच्या साधारण साठ मिलिसेकंद आधी, म्हणजे डोळ्याची पापणी मिटायला लागतो त्याहूनही कमी वेळ आधी, त्या स्नायूत विजेची एक क्षीण लहर उठते. अंगठ्याच्या मुळाशी जी मांसल गादी असते तिच्यातली ही लहर भिंगरीला टिपता येई. बटण दाबले जाण्याआधीच ते दाबले जाणार हे तिला कळे.

याचा उपयोग चपळ मुलांना होईल, एवढेच कंपनीने धरले होते. पण शाल्मलीच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. ज्यांच्या हाताला कंप असतो त्यांच्या स्नायूंत दोन लहरी असतात. एक कंपाची: सेकंदाला पाच वेळा, लंबकासारखी नेमाने येणारी. दुसरी त्या माणसाच्या इच्छेची, आणि इच्छा काही असल्या नेमाने येत नाही. म्हणून नेमाने येणारे तेवढे वजा करायचे. मागे उरतो तो हेतू.

चारुलताचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. दुखणे जिवावरचे नाही पण जाणारेही नाही, असे डॉक्टर देवरे यांनी सांगितले होते. सुरुवातीला गोटीवर ती ओळीने हरू लागली. एके दिवशी तिने यंत्र न बोलता टेबलावर पालथे ठेवले, आणि दुसऱ्या दिवसापासून दिगंबरने तिला जिंकू द्यायला सुरुवात केली. अगदी बेताने, संशय येणार नाही अशा बेताने. हे त्याचे गुपित होते. आपण प्रेमापोटी करत असलेली ही एक गोष्ट तरी बिनचूक आहे, असे त्या अबोल माणसाला वाटे.

आणि मग ही मुलगी चाचणीचे यंत्र घेऊन घरी आली. "काकू, हे जरा हातात धरून बघता?" म्हणाली. चारुलताने धरले आणि पहिल्याच डावात तिचा पतंग ऐटीत वर चढला.

*

दिगंबरने गोटीचे तीनशे बारा खेळ भिंगरीवर तपासले. तीनशे अकरा बिनतक्रार चालले. काटाकाटी त्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता.

तिसऱ्या डावात त्याला हवे ते सापडले. भिंगरीवर हुलकावणी बसत नव्हती.

काटाकाटीतली हुलकावणी ही खेळणाऱ्या मुलांची कमाई होती. अंगठा बटणावर टेकला की पडद्यावर मांजा ताठ दिसे. प्रतिस्पर्ध्याला वाटे, आता खेच येणार. तो घाईने ढील सोडी. इकडे अंगठा पटकन उचलून घ्यायचा, खेच द्यायचीच नाही, आणि तो गाफील झाला की मग खरी द्यायची. भिंगरीवर मात्र हेतू उठताक्षणी खेच बसून जाई. माघार घ्यायला जागाच उरत नसे.

कारण दिगंबरला माहीत होते, आणि जगात फक्त त्यालाच माहीत होते. खेचेचे बटण किती वेळ दाबलेले राहिले म्हणजे खरे धरायचे, हा आकडा त्याने बारा वर्षांपूर्वी गोटीत घातला होता. चौदा मिलिसेकंद घालायचे होते. हातून एक शून्य जास्त पडले आणि एकशे चाळीस झाले. चूक लक्षात आली तोवर दोन लाख यंत्रे विकली गेली होती आणि मुलांनी त्या रेंगाळण्यातून हुलकावणी शोधून काढली होती. लोक तिचे कौतुक करत होते. चूक कबूल करायचा दिवस असा निघून गेला, मग वर्षे गेली. कंपनीच्या कागदांत आजही चौदाच लिहिलेले होते, आणि शाल्मलीच्या चमूने कागद पाहूनच नक्कल केली होती.

दोन ओळींत सांगता आले असते. अर्ध्या दिवसाचे काम होते.

दिगंबरने अहवाल उघडला. 'काटाकाटी: अनुत्तीर्ण. हुलकावणी बसत नाही.' पुढे कारणाचा रकाना होता. त्याच्यासमोर तो बराच वेळ बसून राहिला. चाचणीत एक जरी खेळ नापास झाला तरी बाहेर दिलेली सगळी यंत्रे परत मागवायची, असा नियम होता. चारुलताच्या हातातले यंत्रसुद्धा. कारण शोधून पुन्हा तपासणी होईपर्यंत सहा महिने सहज जातील. सहा महिने संध्याकाळी ती पुन्हा गोटी घेऊन त्याच्यासमोर बसेल.

त्याने लिहिले: 'कारण अज्ञात.'

तासाभराने शाल्मली त्याच्या टेबलापाशी आली. हातात डबा होता, पण जेवण तसेच होते.

"सर, चमू गेल्या सहा आठवड्यांपासून शनिवार-रविवारसुद्धा येतोय हो."

"माहितीये."

"कारण काहीच सुचत नाही का? अंदाज तरी? गोटी तुमची आहे, सर. तिच्या पोटातलं तुम्हाला नाही तर कुणाला माहीत?"

"बारा वर्षं झाली, शाल्मली. आठवत नाही."

"काकूंकडचं यंत्र पण न्यावं लागेल मग. तुम्ही सांगाल त्यांना? माझी हिंमत होत नाही."

"नियम सगळ्यांना सारखा," दिगंबर म्हणाला. वाक्य बरोबर होते; फक्त म्हणताना त्याला तिच्याकडे पाहता आले नाही.

*

घरी आला तेव्हा चारुलता जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसली होती. समोर भिंगरी होती आणि आलेख काढलेले चार-पाच कागद होते. तीस वर्षे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवताना ज्या चेहऱ्याने ती पेपर तपासायची, तोच चेहरा.

"बस," ती म्हणाली. "शाल्मलीचा फोन आला होता. परवा यंत्र न्यायला येतेय. रडवेली झाली होती पोर."

"नियम आहे तसा. मी काय करणार?"

"त्याबद्दल नंतर. आधी हे बघ. आपली पत्रिका."

"कसली?"

"लग्नात जुळवली नव्हती ना, आता यंत्रानं काढून दिलीये."

दिगंबरला समजायला थोडा वेळ लागला. गोटी तयार होत असताना दोष शोधायला सोपे जावे म्हणून, दोन्ही खेळाडूंचे बटण प्रत्येक वेळी कधी दाबले आणि कधी सुटले, तेव्हा पतंग कुठे होते, याची नोंद यंत्राच्या एका कोपऱ्यात ठेवायची सोय त्याने केली होती. विक्रीआधी ती काढायची राहून गेली. बिऱ्हाडाच्या चमूला ती सापडली आणि त्यांना घबाड मिळाल्यासारखे झाले. बारा वर्षांच्या त्या नोंदींवरूनच भिंगरी नव्या मालकाचा हात पहिल्या दिवशी ओळखे. मालकाला ती त्याचे आलेखही दाखवी. ते कुणाला पाहावेसे वाटतील, असे मात्र दिगंबरच्या मनात आले नव्हते. आपले लग्न कुणाशी झाले आहे, हे तो विसरला होता.

"या तुझ्या खेचेच्या वेळा," चारुलताने पेन्सिल टेकवली. "तुझा पतंग खाली असताना, वेळेवर. दोघांचे बरोबरीत असताना, वेळेवर. फक्त माझा मांजा आता कापला जाणार, अशा वेळी तुला उशीर होतो. आणि तोही दरवेळी बरोब्बर पाव सेकंद. तेवढ्यात माझ्या ढिलीनं तुझाच मांजा कापला जातो. वयानं हात मंदावतो ना, तो असा मोजूनमापून मंदावत नाही, दिगंबर."

त्याने तो कागद उचलून डोळ्यांजवळ धरला.

"दोन वर्षं?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"मला बरं वाटत होतं?" तिने चष्मा काढला. "मला वाटत होतं, तुझा हात गेला. माझ्या हातामागोमाग तुझाही. मी देवरे डॉक्टरांकडे जाऊन आले, माहितीये? माझं दाखवायचं म्हणून गेले आणि सगळा वेळ तुझंच विचारत बसले. ते म्हणाले, त्यांना घेऊन या. मी म्हटलं, लाजाळू आहेत, नाही यायचे. जिंकले तरी ओरडत नव्हते मी. म्हटलं, याला लागेल."

बाहेर पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी मागे घेताना वाजत होती. तिने दुसरा कागद पुढे ओढला.

"आणि आता ही माझी ओळ," चारुलता पुढे म्हणाली, कारण पेपर तपासताना ती मध्येच कधी थांबत नसे. "बटण दाबलं. सुटलं. दाबलं. सुटलं. शंभर-शंभर मिलिसेकंदांचे तुकडे. हा माझा कंप. पण प्रत्येक तुकड्याची सुरुवात बघ. मी खेचत होते, दिगंबर. दरवेळी, वेळेवर. शाल्मलीला विचारलं तर ती म्हणते, कागदात चौदा लिहिलंय. शंभर म्हणजे चौदाच्या सातपट झाले. मग तुझ्या गोटीनं माझी खेच धरली का नाही?"

दिगंबर त्या तुटक रेषेकडे पाहत राहिला. शंभर. शंभर. सत्त्याण्णव. एकशे दोन. एकही तुकडा एकशे चाळीसपर्यंत पोहोचत नव्हता. पोहोचणे शक्यच नव्हते. तिचा हात सेकंदाला पाच वेळा ते बटण आपण होऊन सोडत होता. हातातल्या थरथरीने तिला हरवले नव्हते. त्याच्या शून्याने हरवले होते.

"कागदात चौदा आहे," तो म्हणाला. आवाज त्यालाच परका वाटला. "आत एकशे चाळीस आहे."

तिने आकडा मनात घालून पाहिला, हे त्याला दिसले. "म्हणजे चौदा असतं, तर..."

"तर तू हरली नसतीस. एकदाही नाही. म्हणजे, कंपामुळे तरी नाही."

"केव्हापासून माहीत आहे तुला?"

"आकडा, बारा वर्षं. तुझ्या हाताशी त्याचा संबंध आहे, हे आत्ता. या टेबलाशी बसल्यावर."

चारुलताचा यावर विश्वास बसला. तेच त्याला सर्वांत जास्त झोंबले.

"दोन वर्षं रोज पाव सेकंद मोजत बसलास," ती हळू म्हणाली. "एक दिवस यंत्र उघडून बघितलं असतंस तर काय बिघडलं असतं? माझी कीव करायला वेळ होता तुला. अहवालात काय लिहिलंस?"

"कारण अज्ञात."

"का?"

दिगंबरने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. असल्या प्रश्नांची उत्तरे पुस्तकांतली माणसे चांगली देतात, असे त्याला नेहमी वाटे. त्याच्याकडे एकच वाक्य होते आणि तेही लाजिरवाणे होते.

"तू तिच्याशी खेळताना ओरडलीस."

"कुणाशी? शाल्मलीशी?"

"शाल्मलीशी. त्या डब्याशी. कुणाशीही. माझ्याशी नाही." आता सुरुवात झालीच होती. "तुझा हात मला कळायला हवा होता, चारू. पस्तीस वर्षं बघतोय मी तो. आणि त्या डब्याला पहिल्या दिवशी कळला. मला वाटलं, तो परत गेला की तू पुन्हा..."

"पुन्हा हरेन. आणि तू मला जिंकवशील."

"हो."

आता ती रागावेल, किंवा त्याच्या खांद्यावर हात ठेवेल, असे दिगंबरला वाटले. तिने दोन्ही केले नाही.

"शाल्मलीला फोन लाव."

"उद्या ऑफिसात गेलो की..."

"आत्ता. इथं. स्पीकरवर."

शाल्मलीने फोन उचलला तेव्हा मागे कुकरची शिट्टी होत होती. दिगंबरने सगळे सांगितले; आकडा, कागद, दोन लाख यंत्रे, सगळे.

"सर, एकशे चाळीस?" ती म्हणाली. "आणि दुपारी आठवत नव्हतं?"

"आठवत होतं."

शिट्टी पुन्हा झाली.

"ठीक आहे," शाल्मली म्हणाली. तिचा आवाज थंड झाला होता, आणि ते योग्यच होते. "मग भिंगरीत बटणाला एकशे चाळीस घालते."

"नको!" दिगंबर एवढ्या जोरात बोलला की चारुलताने दचकून पाहिले. "बटणाला घालशील तर कंप असलेली माणसं पुन्हा हरतील. जे गोटीत झालं तेच होईल. कंप वजा केल्यावर जो हेतू उरतो, त्याला घाल. कंपानं अंगठा उचलला तरी हेतू तुटत नाही, तो सलग असतो. तो एकशे चाळीस टिकला तर खेच धरायची. त्याआधी मावळला तर हुलकावणी."

"म्हणजे माणसाला मन बदलायला तेवढा वेळ द्यायचा."

"हं. तेवढाच."

"जमेल. चार-पाच दिवस लागतील." ती थांबली. "सर, कारणाच्या रकान्यात काय लिहू? तुमची चूक म्हणून लिहावं लागेल."

"लिही."

"नावानिशी लिही गं," चारुलता टेबलाच्या पलीकडून म्हणाली. "आडनावातल्या दोन मात्रा चुकवू नकोस."

*

नंतरच्या रविवारी दुपारी सुधारलेली भिंगरी आली. शाल्मली दारातच थांबली. चहा नको म्हणाली, दिगंबरकडे पाहून जेमतेम मान हलवली आणि दाखल्याचा कागद त्याच्या हातात दिला. "सही झाली की फोन करा. बिऱ्हाडं संध्याकाळपासून हलवायची आहेत."

दिगंबर आपली गोटी घेऊन खिडकीशी बसला. चारुलता समोर बसली. तिचा उजवा हात थरथरत होता. तिने तो लपवला नाही.

पहिला डाव दिगंबरने जिंकला. दोन वर्षांत प्रथमच त्याने कापणारी खेच वेळेवर दिली होती आणि तिचा पतंग गिरक्या घेत खाली गेला. चारुलताचे ओठ घट्ट मिटले. दुसराही त्यानेच जिंकला. "चल," ती एवढेच म्हणाली.

तिसऱ्या डावात तिचा मांजा ताठ झाला. खेच येणार! दिगंबरने ढील सोडली. खेच आली नाही. मांजा पुन्हा ताठ झाला. या वेळी फसायचे नाही, असे म्हणून तो थांबला, आणि ती नेमकी खरी होती. त्याचा पतंग कापला गेला.

चारुलता ओरडली. समोरच्या गॅलरीत आज कुणीच नव्हते. ती त्याच्या तोंडावर ओरडली. चौथा डाव तिने तसाच घेतला. पाचवा त्याहून लवकर. पाचव्यात दिगंबरने जीव तोडून खेळ केला होता, सगळ्या युक्त्या लावल्या होत्या, आणि तरी ती त्याच्यापुढे एक पाऊल होती. बरगड्यांखाली तेच आंबट पुन्हा आले. या वेळी मात्र ते कुठून येते हे त्याला नेमके दाखवता आले असते: समोरच्या त्या थरथरणाऱ्या अंगठ्यातून. हा अंगठा आपला असता तर, असे त्याला वाटले, आणि असे वाटल्याची लाज काही आली नाही.

"जळतोयस," चारुलता म्हणाली.

"हो."

"खूप?"

"खूप. शाल्मलीला कळव, सही थोड्या वेळानं मिळेल. आधी तुला हरवतो."

"अरेरे," चारुलता भिंगरी हातात घट्ट धरत म्हणाली, "मग बिचारीला सही काही मिळत नाही."